क्वांटम वॉक : वाटेच्या आकारातून लॉजिक गेट कसे तयार होते?

जुन्नर तालुक्यातील खोडद गावाजवळ ‘जीएमआरटी’ ही प्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. अवकाशातून येणारी रेडिओ लहर प्रत्येक तबकडीवर किंचित मागेपुढे पोहोचते. या फरकावरूनच आकाशाचे चित्र तयार होते. लहरींचा ताल जुळला तर त्या बळावतात आणि उलटा पडला तर एकमेकींना पुसतात. याला व्यतिकरण म्हणतात. ‘क्वांटम वॉक’ ही संकल्पनाही याच नियमावर चालते.

क्वांटम वॉक म्हणजे काय?

समजा, नाणे उडवून छापा पडला तर उजवीकडे आणि काटा पडला तर डावीकडे एक पाऊल टाकायचे. अशा १०० पावलांनंतर तुम्ही मूळ जागेपासून साधारण १० पावलांच्या आसपासच असाल. क्वांटम कण मात्र एकाच वेळी दोन्ही वाटांनी लहरीसारखा पसरतो. काही वाटा व्यतिकरणाने पुसल्या जातात, काही ठळक होतात. त्यामुळे त्याचा पसारा पावलांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो. ही कल्पना १९९३ मध्ये आहारोनोव, दाविदोविच आणि झागुरी या शास्त्रज्ञांनी मांडली.

यातून गेट कसे बनते?

नेहमीच्या पद्धतीत क्युबिटवर ठरावीक वेळी लेझर किंवा मायक्रोवेव्हचे स्पंद सोडून गेट चालवतात. २००९ मध्ये अँड्र्यू चाइल्ड्स यांनी वेगळा मार्ग दाखवला : वाटांचे जाळेच असे आखायचे, की त्यातून जाताना गणित आपोआप होईल.

दोन क्युबिटच्या चार स्थिती असतात : ००, ०१, १० आणि ११. प्रत्येक स्थितीसाठी एक वाट ठेवायची. ‘सीनॉट’ गेटचे काम असे, की पहिला क्युबिट १ असेल तरच दुसरा उलटायचा. त्यासाठी १० आणि ११ या वाटांची फक्त अदलाबदल केली की झाले! एका क्युबिटवरच्या गेटसाठी वाटेत छोट्या जोडण्या बसवतात. त्या लहरीचा ताल बदलतात किंवा तिला दोन वाटांत विभागतात. एवढ्या साहित्यावर कोणतेही क्वांटम गणित करता येते, हे चाइल्ड्स यांनी सिद्ध केले.

मग अडचण कुठे?

एकच कण वापरला, तर प्रत्येक नव्या क्युबिटमागे वाटा दुप्पट होतात. १० क्युबिटना १,०२४ वाटा लागतात, तर ५० क्युबिटना १,१०० लाख कोटींहून जास्त! एवढे जाळे प्रत्यक्षात बांधणे अशक्य आहे. २०१३ मध्ये चाइल्ड्स, गॉसेट आणि वेब यांनी यावर उपाय सुचवला. एकमेकांवर परिणाम करणारे अनेक कण एकाच जाळ्यात चालवले, तर जाळे आटोक्यात राहते.

भारतात काय चालले आहे?

सी. एम. चंद्रशेखर आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये एका कणाच्या पावलागणिक चालणाऱ्या क्वांटम वॉकमधून सर्व आवश्यक गेट मिळवण्याची योजना प्रसिद्ध केली. खोडदची दुर्बीण ज्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या केंद्रामार्फत चालते, त्याच संस्थेत मुंबईला पुण्यातील डीआरडीओ प्रयोगशाळेच्या सहकार्याने ६ क्युबिटचा प्रोसेसर तयार झाला. त्याच्या चाचणीची घोषणा २०२४ मध्ये झाली. तो अतिवाहक परिपथांवर आधारलेला आहे. क्वांटम वॉकवर नव्हे.

म्हणून क्वांटम वॉकच्या नव्या संगणकाची बातमी दिसली, तर शेअर करण्याआधी एक प्रश्न विचारा : क्युबिट वाढले की वाटा किती वाढतात?