आजारपणाचा विमा आणि व्यक्तीची जबाबदारी

ज्याची प्रकृति त्यानें सांभाळावी आणि दुखण्याची तरतूदहि ज्याची त्यानेंच करावी, हा विचार आपल्या मध्यमवर्गास फार रुचतो. मिताहार, निर्व्यसनीपणा आणि वेळच्या वेळीं भरलेला विम्याचा हप्ता यांस तो सद्गुण समजतो, व तें योग्यच आहे. परंतु हा सद्गुण आचरण्यास पदरीं किती पैका असावा लागतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. मुंबई व तिचीं उपनगरें यांच्या गेल्या शंभर वर्षांच्या इतिहासांत या प्रश्नाचीं तीन-चार निरनिराळीं उत्तरें देऊन झालीं आहेत. तीं क्रमानें पाहणें उद्बोधक होईल.

आजारपणाच्या सक्तीच्या विम्याचा पहिला मोठा कायदा बिस्मार्कनें १८८३ सालीं जर्मनींत केला. त्यांत वर्गणीचे दोन हिस्से कामगारानें व एक हिस्सा मालकानें द्यावयाचा होता. १९११ सालीं लॉईड जॉर्ज यांनीं इंग्लंडांत तोच मार्ग धरिला. तेथें कामगाराचे चार पेन्स, मालकाचे तीन व सरकारचे दोन, असा आठवड्याचा हिशेब होता. दोन्ही कायद्यांतील मर्म एकच. कामगार स्वतः पैसे भरतो, म्हणून त्यास मिळणारी मदत ही भिक्षा नव्हे. आणि तो अशक्त किंवा वयस्क आहे म्हणून त्याजकडून अधिक घ्यावयाचें नाहीं. जबाबदारी व्यक्तीची खरी, पण ती ऐपतीच्या मापानें मोजावयाची.

आपल्याकडे आरंभ निराळ्या रीतीनें झाला. १९२३ च्या कायद्यानें कामावर झालेल्या अपघाताची भरपाई मालकावर पडली; आणि १९२९ सालीं मुंबई इलाख्यानें गिरण्या-कारखान्यांतील स्त्रियांसाठीं प्रसूति-लाभाचा कायदा केला. १९२८ सालीं त्या विधेयकावर कायदेकौन्सिलांत बोलतांना डॉ. आंबेडकर यांनीं असा विचार मांडला होता कीं, मातेस विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे, सबब तिचा भार मुख्यत्वें सरकारनें उचलावा. कायद्यानें मात्र तो मालकावरच टाकिला. एकट्या मालकावर ओझें टाकिलें कीं तो स्त्रियांस कामावर घेण्यासच कचरतो, ही अडचण उघड होती. सामायिक निधीवांचून हा प्रश्न सुटणारा नव्हता.

तो निधि कसा उभारावा याचा आराखडा प्रा. बी. पी. आडारकर यांनीं केला. सरकारनें १९४३ सालीं त्यांस या कामीं नेमिलें व १९४४ सालीं त्यांचा अहवाल आला. विमा सक्तीचा असावा आणि कामगार व मालक या दोघांनींहि वर्गणी भरावी, हे त्याचे मुख्य आधार होत. त्यावरूनच पुढें १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला. त्यांतील एक कलम विशेष मननीय आहे. ज्याची सरासरी मजुरी दिवसास एक रुपयाहून कमी, त्यानें स्वतःची वर्गणी भरावयाची नाहीं. त्याचे हक्क मात्र कायम. परवडणें म्हणजे काय याचें कायद्यानें दिलेलें इतकें स्पष्ट उत्तर आपल्या इतिहासांत दुसरें क्वचितच सांपडेल.

२४ फेब्रुवारी १९५२ रोजीं कानपूर व दिल्ली येथें ही योजना सुरू झाली, आणि १९५४ सालीं ती मुंबईस आली. पुढें उपनगरांत कारखान्यांची वाढ झपाट्यानें झाली. आग्रा रोडवर, म्हणजे हल्लींच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर, घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत आणि पश्चिमेस अंधेरी, गोरेगांव, कांदिवली येथें चिमण्या उभ्या राहिल्या. मुंबईंत या योजनेनें खाजगी डॉक्टरांचें पॅनेल नेमण्याची पद्धत ठेविली. त्यामुळें कामगार आपल्याच वस्तींतील डॉक्टराकडे कार्ड घेऊन जाई. आजारपणांत त्यास वेतनाच्या सुमारें निम्मी रक्कम मिळे. आणि मोठ्या दुखण्यास मुलुंड, कांदिवली व अंधेरी येथें कामगार रुग्णालयें निघालीं.

व्यवस्था निर्दोष होती असें नाहीं. वर्गणी कापली जाई, पण औषध बाहेरून घ्यावें लागे, ही तक्रार जुनीच आहे. १७ डिसेंबर २०१८ रोजीं अंधेरीच्या कामगार रुग्णालयास लागलेल्या आगींत रुग्णांचे व आप्तांचे प्राण गेले, आणि तें दीर्घकाळ बंद राहिलें. परंतु खरा घाव निराळ्या ठिकाणीं बसला होता. या विम्याची गांठ नोकरीशीं बांधलेली होती. १९८२ च्या गिरणी-संपानंतर गिरण्या मिटत गेल्या, उपनगरांतील कारखान्यांच्या जागीं गृहसंकुलें व बाजार आले, आणि नोकरीबरोबर विमाहि गेला. शिवाय वेतनाची मर्यादा होतीच. २०१७ पासून ती महिना २१,००० रुपये आहे. त्याहून थोडें अधिक मिळविणारा कारकून या छत्राबाहेर उभा राहिला.

त्याच्यासाठीं १९८६ सालीं सरकारी विमा कंपन्यांनीं मेडिक्लेम आणिला, आणि १९९९ च्या कायद्यानंतर खाजगी कंपन्याहि या धंद्यांत उतरल्या. येथें तत्त्वच पालटलें. विमा ऐच्छिक झाला, व हप्ता ऐपतीवरून न ठरतां वयावरून ठरूं लागला. ऐच्छिक विम्याची एक स्वाभाविक खोड आहे. निरोगी तरुण म्हणतो, मला गरज काय? तो बाहेर राहतो. आंत उरतात ते वृद्ध व रोगी. खर्च वाढतो, हप्ता चढतो, मग आणखी कांहीं जण बाहेर पडतात. यांत दोष कोणाच्या आळसाचा नसून रचनेचा आहे. बोरिवलीचा किंवा मुलुंडचा निवृत्त गृहस्थ पंचवीस वर्षें हप्ते भरतो, आणि सत्तरीकडे झुकतांना, नेमकी गरज आली असतां, ते परवडत नाहींत म्हणून पॉलिसी सोडून देतो. राहतें घर लाखांचें असलें तरी त्याच्या भिंती विकून हप्ता भरतां येत नाहीं. त्यास बेजबाबदार कोण म्हणेल? उलट, विमाकृत नोकरींत निदान पांच वर्षें काढून नियत वयास निवृत्त झालेला कामगार वर्षास १२० रुपये भरून पतिपत्नींसाठीं कामगार विम्याचे उपचार मिळवूं शकतो. दोघेहि सारखेच जबाबदार. फरक आहे तो पायाखालच्या जमिनीचा.

हें सरकारच्या ध्यानांत आलें नाहीं असें नाहीं. २०१२ सालीं राज्यानें राजीव गांधी जीवनदायी योजना काढिली. २०१७ सालीं तिला महात्मा जोतिबा फुले यांचें नांव मिळालें, व २०२३ सालीं ती सर्व रहिवाशांस लागू करण्याचा निर्णय झाला. केंद्रानें २०२४ सालीं सत्तरीपुढील सर्वांस आयुष्मान योजनेंत घेतलें. जानेवारी २०२५ मध्यें विमा नियामकानें असा दंडक घातला कीं, वृद्धांचा हप्ता वर्षांत शेंकडा १० हून अधिक वाढविण्यापूर्वीं आपला विचार घ्यावा; आणि त्याच वर्षीं २२ सप्टेंबरपासून व्यक्तिगत आरोग्य-विम्यावरील शेंकडा १८ चा कर उठला. हे उपाय स्तुत्य आहेत. पण ठराविक उपचार व ठराविक रुग्णालयें यांची मर्यादा सरकारी योजनांस आहे, आणि साठ ते सत्तर हीं वर्षें अद्यापि बहुतांशीं उघडींच आहेत.

या इतिहासाचा निष्कर्ष एवढाच कीं, जबाबदारी व परवडणें हे परस्परांचे शत्रु नव्हेत. एकास टाळून दुसरें साधत नाहीं. माणसास ‘तूं आपला हप्ता भर’ असें सांगण्याचा अधिकार समाजास अवश्य आहे. परंतु तो हप्ता त्याच्या मिळकतीच्या आवाक्यांत ठेवण्याचें कर्तव्य समाजानें आधीं पत्करिलें असलें पाहिजे. दिवसास रुपयाहून कमी मिळविणाऱ्याची वर्गणी माफ करणाऱ्यांनीं हें १९४८ सालींच ओळखिलें होतें. आज ती रुपयाची रेघ मध्यमवर्गीय वृद्धासाठीं कोठें ओढावयाची, हाच खरा प्रश्न आहे. आणि आज हप्ता सहज भरणाऱ्या प्रत्येक तरुणास वीस-तीस वर्षांनीं त्या रेघेच्या एका बाजूस उभें राहावें लागणार आहे.