कृत्रिम मूत्रपिंडाची वाटचाल

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातील हॉलंडमध्ये, कांपेन येथे डॉ. विलेम कोल्फ यांनी १९४३ साली सेलोफेनची नळी लाकडी पिंपावर गुंडाळून कृत्रिम मूत्रपिंड सिद्ध केले. आरंभीचे बहुतेक रुग्ण दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक महिला मात्र वाचली. तथापि प्रत्येक वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागत असल्याने कायमच्या रुग्णांना हा उपचार दुर्लभच राहिला.

१९६० मध्ये अमेरिकेतील सिएटल येथे डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायम राहणारी टेफ्लॉनची नळी बसविली. तिच्या आधारे क्लाइड शील्ड्स हा कारागीर अकरा वर्षे जगला. १९६२ मध्ये तेथे डायलिसिस केंद्र निघाले. परंतु यंत्रे थोडी, रुग्ण अनेक. कोणाला जगवावयाचे, हे सात नागरिकांची समिती ठरवी. उत्पन्न, कुटुंब, समाजातील स्थान यांवर आयुष्य तोलले जाई. त्यावर टीका झाली. पुढे १९७२ च्या कायद्याने बहुतांश रुग्णांच्या खर्चाचा भार अमेरिकी शासनाने उचलला. भारतात २०१६ साली राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला. जिल्हा रुग्णालयांतून गरिबांना विनामूल्य सेवा देणे हा त्याचा हेतू.

यंत्र विज्ञानाने दिले. त्याच्यापर्यंतची वाट मात्र समाजालाच बांधावी लागली.