पेठचा ‘एकस्तर’ आणि बाराव्या वर्षाची गोची

पेठ हा आदिवासी तालुका. घाट, धो धो पाऊस, लांबचे पाडे. तिथल्या शाळेवर शिक्षक टिकावेत म्हणून ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयाने ‘एकस्तर’ वेतनश्रेणी आली. म्हणजे काय, तर आदिवासी क्षेत्रात काम करताय तोवर वरच्या पदाची श्रेणी. बदली होऊन बाहेर पडलात की मूळ पगारावर.

खरी गोची बाराव्या वर्षी होते. १२ वर्षं सेवा झाली की शिक्षकाला वरिष्ठ श्रेणी मिळते. शिक्षक तिला नुसतं ‘चटोपाध्याय’ म्हणतात. ज्याला एकस्तर चालू आहे त्याचं काय? एक बाजू म्हणते, वरची श्रेणी मिळाली, आता एकस्तर बंद, जादा गेलेले पैसे परत भरा. शिक्षक म्हणतात, एक मोबदला वर्षांचा, दुसरा जागेचा. मला शिक्षकांचं पटतं. चटोपाध्याय तर नाशिक शहराजवळच्या शिक्षकालाही मिळते, मग पेठमध्ये राहण्याचं वेगळं काय उरलं?

वाद कोर्टात गेले. वसुलीपुरता आधार सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या रफिक मसीह निकालाचा: चुकून जादा दिलेला पगार वर्ग ३ आणि ४ च्या कर्मचाऱ्यांकडून वसूल करू नये. पण वसुली थांबणं वेगळं आणि वाढ मिळणं वेगळं. ही गल्लत मीही सुरुवातीला केली होती.

मी विज्ञानवाला, आकड्यावर पटकन विश्वास ठेवतो. पगारपत्रकात नुसती रक्कम दिसते. ती का बदलली, हे सेवापुस्तकातल्या वेतननिश्चितीच्या नोंदीत सापडतं. या विषयावर काम करणार असाल तर आधी ती नोंद बघा.