काँक्रीटचे दृढीकरण
काँक्रीटचे दृढीकरण म्हणजे साच्यात नुकत्याच ओतलेल्या काँक्रीटमध्ये अडकलेली हवा बाहेर काढून ते घट्ट व एकसंध बसविण्याची क्रिया होय. ओतताना मिश्रणात आकारमानाच्या सुमारे ५ ते २० टक्के हवा अडकते. काँक्रीट कठीण झाल्यावर त्यात ५ टक्के पोकळ्या उरल्या, तर त्याची बळकटी सुमारे ३० टक्क्यांनी घटते.

पद्धत : लहान कामात काँक्रीट सळईने ठोसून बसवितात, एरवी व्हायब्रेटर वापरतात. त्याच्या कंपनांमुळे कणांमधील घर्षण कमी होऊन मिश्रण काही क्षण प्रवाही होते, खडी नीट बसते व हवेचे बुडबुडे वर येतात. सुईसारखा लांबट व्हायब्रेटर उभा धरून झटपट आत सोडतात. त्याचे टोक खालच्या, अद्याप ओल्या असलेल्या थरात थोडे शिरू देतात. बुडबुडे थांबून पृष्ठभागावर चकाकी आली की तो सावकाश बाहेर काढतात. व्हायब्रेटरने काँक्रीट आडवे ढकलू नये.

दोष : कंपन अपुरे पडल्यास काँक्रीटला मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे पडतात. त्यांतून पाणी व हवा आत शिरून सळया गंजतात. अशी छिद्रे गिलाव्याखाली सहज झाकली जातात. म्हणून साचा काढताच, गिलाव्यापूर्वी पाहणी करणे आवश्यक असते. कंपन अति झाल्यास खडी तळाशी जाते व सिमेंटचा लगदा वर येतो. आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकात अपुरे व अति अशी दोन्ही कंपने हानिकारक मानली आहेत.

१९८० च्या दशकात जपानमध्ये कंपनाविना स्वतःच्या वजनाने घट्ट बसणारे काँक्रीट विकसित झाले.