शेळी, गवत आणि कायदा

बकरी ईद महिन्यावर आली की आम्ही चंद्रपूरची काही शिक्षक मंडळी मिळून मूल, सावलीकडच्या खेड्यांत बोकड पाहायला जातो. दलालाकडे न जाता जो चारतो त्याच्याच दारातून जनावर घ्यायचे, ही आमच्या वडिलांच्या पिढीपासूनची रीत. दात पाहायचे, वर्ष भरले का ते विचारायचे, डोळा-कान-पाय निर्दोष आहेत ना ते तपासायचे आणि सौदा करायचा. या साध्या व्यवहारामागे मोठा इतिहास आहे, हे आमच्यापैकी फार थोड्यांच्या ध्यानात येते.

१८५४ साली नागपूरचे भोसले राज्य खालसा झाले आणि चांदा इंग्रजांकडे गेला. १८७८ च्या वनकायद्याने जंगलाचे राखीव, संरक्षित असे भाग पाडले. राखीव जंगलात शिरलेले जनावर कोंडवाड्यात जाऊ लागले. १८७१ चा गुरे-अतिक्रमणाचा कायदा त्यासाठी होताच. शेळी कोवळी रोपे खाते म्हणून वनखात्याच्या नजरेत ती कायमची गुन्हेगार ठरली. १९३० च्या जुलैत लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ गवत कापून जंगल सत्याग्रह केला. सरकारला आव्हान द्यायला गवताची पेंढी पुरली, इतका तो प्रश्न लोकांच्या पोटाशी भिडलेला होता.

स्वातंत्र्यानंतरही १९२७ चा वनकायदा चालूच राहिला. २००६ च्या वनहक्क कायद्याने मात्र चराईचा हक्क आणि भटक्या पशुपालकांचा हंगामी वापर मान्य केला. २००९ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण कागदावरचा हक्क प्रत्येक कुरमार धनगराच्या कळपापर्यंत पोहोचलेला नाही.

दुसरी बाजू आमची. १९७६ च्या कायद्याने महाराष्ट्रात गोहत्येवर बंदी आली आणि २०१५ पासून बैल व वळूही तिच्या कक्षेत आले. कायदा आम्ही पाळतोच. पण कायद्याने मुभा असलेली जनावरे नेतानाही रस्त्यात अडवणूक होते, म्हणून २०२५ मध्ये राज्यातील कुरेशी समाजाने जनावरांच्या खरेदी-विक्रीवर बहिष्कार टाकला. तेव्हा एक गोष्ट स्पष्ट झाली. खाटिकाचे दुकान बंद पडले की शेतकऱ्याचा गोठाही अडचणीत येतो. घेणारा आणि चारणारा एकाच दोरीने बांधलेले आहेत.

गेल्या वर्षी आमच्या नेहमीच्या धनगरमामाने कळप निम्म्यावर आणला होता. आम्ही कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, "गुरुजी, जंगलात जाऊ देत नाहीत, बांधावर उभं राहू देत नाहीत. पोरगं म्हणते, मी हे करत नाही." आम्ही त्या दिवशी भावात घासाघीस केली नाही. त्यात उपकार काही नव्हता. रानाचा पाला, शेंगा, गवत खाऊन वाढलेल्या जनावराची तेवढी किंमत असतेच, आणि ती आम्ही आजवर पूर्ण देत नव्हतो.

कुर्बानी म्हणजे आपल्या मालातले चांगले ते देणे. ज्याच्या श्रमातून ते जनावर उभे राहिले त्याचा हक्क बुडवून ती पुरी होईल काय? पुढच्या ईदला जाताना आम्ही शाळेतल्या थोरल्या मुलांनाही सोबत नेणार आहोत. त्यांनी कळप पाहावा, मामाचे ऐकावे, आणि पैसे त्याच्या हातात मोजून द्यावेत.