एका दिवसाचा समुद्र

मंडळी, आम्ही भंडाऱ्याची माणसं. आमचं मोठं पाणी म्हणजे वैनगंगा. रामेश्वरच्या यात्रेला आपल्याकडची पुष्कळ मंडळी जातात. तिथून धनुष्कोडीला नेतात, स्टेशनचे पडके अवशेष दाखवतात, वादळाची गोष्ट सांगतात आणि गाडी परत फिरते. गोष्टीचा दुसरा भाग मात्र राहूनच जातो. मास्तरकीची जुनी खोड, म्हणून तो इथे लिहितो.

1914 साली पांबनचा पूल झाला आणि मद्रासची गाडी धनुष्कोडीपर्यंत जाऊ लागली. तिथे उतरायचं, आगबोटीत बसायचं, सुमारे 35 किलोमीटर समुद्र ओलांडून सिलोनमधल्या तलैमन्नारला उतरायचं आणि पुन्हा गाडीने कोलंबो. म्हणून या गाडीचं नावच 'बोट मेल' पडलं. आपले धर्मानंद कोसंबी बौद्ध धर्माच्या अभ्यासासाठी 1902 साली सिलोनला गेले, तेव्हा ही सोय नव्हती.

सोय झाली, पण सर्वांना सारखी नाही. चहाच्या मळ्यांवर जाणाऱ्या तमिळ मजुरांना आधी मंडपमच्या छावणीत अडकवून ठेवत. रोग तर नाही ना, हे तपासत आणि मगच बोटीवर चढवत. त्यांनी मळे पिकवले, त्यांची मुलं-नातवंडं तिकडेच जन्मली. 1948 मध्ये सिलोन स्वतंत्र झालं आणि त्याच वर्षीच्या कायद्याने त्यांतल्या बहुतेकांना नागरिकत्व नाकारलं. ना इकडचे, ना तिकडचे!

30 ऑक्टोबर 1964 रोजी लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांचा करार झाला. 5,25,000 माणसं भारताने घ्यायची, 3,00,000 सिलोनने ठेवायची, उरलेल्या दीड लाखांचं मागाहून बघू. धान्याची पोती वाटावीत तशी माणसं वाटली. त्यांना कुणी विचारलं नाही.

दोन महिनेही झाले नव्हते, तोच 22 डिसेंबरच्या रात्री चक्रीवादळ आलं. पांबनहून निघालेली पॅसेंजर उतारूंसह समुद्रात गेली, धनुष्कोडी उद्ध्वस्त झालं. पुढे बोट रामेश्वरहून सुटू लागली. करारातली माणसं तिच्यातून 'मायदेशी' आली. त्यांतल्या अनेकांनी तो मायदेश पूर्वी कधी पाहिलाच नव्हता. ऐंशीच्या दशकात श्रीलंकेत यादवी पेटली, बोट बंद पडली आणि जायची तयारी झालेले हजारो लोक तिकडेच अडकले. 2003 च्या कायद्याने अशांना श्रीलंकेचं नागरिकत्व मिळालं.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. गोसीखुर्द धरणासाठी आपल्याच जिल्ह्यातली गावं उठली. गाव कागदावर हलवता येतं, माणूस तसा हलत नाही.

14 ऑक्टोबर 2023 रोजी नागपट्टिनमहून कांकेसंतुरैला पुन्हा प्रवासी बोट सुटली. बरं वाटलं. वादळात मोडलेलं गाव तरी आज दिसतं, लोक फोटो काढतात. करारात मोडलेली घरं कोण दाखवणार? असो. धनुष्कोडीला गेलात तर वादळाबरोबर त्यांचीही आठवण काढा, एवढंच.