बेस गिटार वाजवत नसताना तिचा पट्टा लावून ठेवावा की काढावा? पेण-रोह्याच्या पावसाळ्यात हा प्रश्न का महत्त्वाचा आहे?

जून सुरू झाला की पेण आणि रोह्यात दोन गोष्टी एकदम घडतात. पाऊस धरतो आणि गणपतीच्या कार्यक्रमांची तालीम सुरू होते. घरात एरवी कोपऱ्यात उभी असलेली बेस गिटार बाहेर निघते, तालमीला जाते, परत येते. बऱ्याचदा तिचा पट्टा तसाच अडकवलेला राहतो. काढायचा कंटाळा हे एक कारण, आणि "त्याने काय होतं?" हा प्रश्न दुसरं.

थोडक्यात उत्तर असं: तासा-दोन तासांसाठी पट्टा लावून ठेवायला काहीच हरकत नाही. पण गिटार रात्रभर बॅगेत किंवा केसमध्ये जाणार असेल तर पट्टा काढलेला बरा. आणि पावसाळ्यात महिनाभर ती वाजणार नसेल, तर पट्टा काढायलाच हवा.

बेसच्या बाबतीत वेगळं काय?

लिओ फेंडर यांनी 1951 मध्ये 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला. त्याआधी बँडमध्ये माणसाच्या उंचीचं उभं डबल बेस वापरलं जायचं. फेंडर यांच्या बेसमुळे वाद्य गळ्यात आलं आणि त्याचा सगळा भार पट्ट्यावर आला. साधारण चार तारांच्या बेसचं वजन चार किलोच्या आसपास असतं. मान लांब असते. नट ते ब्रिज हे तारेचं अंतर बहुतेक बेसवर 34 इंच, म्हणजे सुमारे 86 सेंटिमीटर असतं.

हा सगळा भार दोन छोट्या बटणांवर असतो. एक बटण वरच्या शिंगाला, दुसरं खालच्या टोकाला. ही बटणं लाकडात गेलेल्या एकेका स्क्रूवर उभी असतात.

पट्टा लावून ठेवल्याने काय बिघडतं?

पहिलं, पडणं. स्टँडवर ठेवलेल्या गिटारचा पट्टा खाली लोंबत असतो. घरातलं लहान मूल, मांजर किंवा खुर्ची सरकवणारा माणूस त्यात अडकला, की चार किलोचं वाद्य तोंडावर पडतं. मानेचा माथा तुटण्याची भीती अशा वेळी सर्वांत जास्त असते. पट्टा खुंटीला अडकवून गिटार भिंतीवर टांगणंही याच कारणाने टाळावं.

दुसरं, रंग. काही पट्टे रेक्झिनचे किंवा प्लास्टिकचे असतात. त्यांना मऊ ठेवणारी रसायनं हळूहळू बाहेर येतात. गिटारवर जुन्या पद्धतीचं नायट्रोसेल्युलोज लॅकर असेल, तर ती रसायनं त्याला चिकट करतात आणि डाग पडतो. स्टँडवरच्या रबरानेही हेच होतं. आज बहुतेक स्वस्त आणि मध्यम किमतीच्या गिटारींवर पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेनचा थर असतो. त्यावर हा धोका बराच कमी आहे.

तिसरं, बॅगेतला दाब. पट्टा लावलेली गिटार बॅगेत कोंबली की पट्ट्याची बकल अंगावर घासते आणि जाड भाग तारांवर किंवा मानेवर दाबला जातो. दिवा-रोहा गाडीच्या गर्दीत बॅग पाठीला असेल, तर हा दाब आणखी वाढतो.

चौथं, ओल. कोकणातल्या पावसात हे सगळ्यात मोठं कारण. पावसाळ्यात इथल्या हवेतली आर्द्रता अनेकदा 80 टक्क्यांच्या वर असते. गिटारसाठी साधारण 45 ते 55 टक्के चांगली मानतात. शाडूची मूर्ती या दिवसांत लवकर वाळत नाही, हे पेणमध्ये कोणाला सांगायला नको. घामाने भिजलेला पट्टाही तसाच वाळत नाही. तो गिटारला गुंडाळून बॅगेत गेला की चामड्याला बुरशी येते, बकल गंजते आणि तारांवरही गंजाचे ठिपके दिसू लागतात.

मग रोज काढायचा का?

इथे दुसरी बाजूही आहे. चामड्याच्या पट्ट्याचं भोक रोज ताणून काढलं-घातलं तर ते सैल होतं. सैल भोक कार्यक्रमात बटणावरून निसटतं, आणि वाजवता वाजवता बेस हातातून सुटतो. म्हणून तालमीच्या मधल्या सुट्टीत पट्टा उगाच काढू नये. गिटार स्टँडवर ठेवून पट्टा मागच्या बाजूने वर उचलून ठेवला, लोंबता ठेवला नाही, तरी पुरतं.

यावरचा चांगला उपाय म्हणजे स्ट्रॅप लॉक. याचा एक भाग गिटारवर आणि दुसरा पट्ट्यावर कायम राहतो. कळ दाबली की पट्टा सुटतो, भोक झिजत नाही. खर्च टाळायचा असेल, तर हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा जाड रबरी वायसर पट्टा लावल्यावर बटणावर चढवता येतो. नायट्रो लॅकरच्या गिटारवर मात्र तो लावून ठेवू नये.

बटणाचा स्क्रू सैल झाला तर?

स्क्रू नुसता फिरत राहत असेल, तर तो आणखी आवळू नका. स्क्रू काढा. भोकात लाकडाच्या गोंदात बुडवलेली टूथपिक किंवा गूल तोडलेली काडेपेटीची काडी बसवा. वर आलेला भाग कापा, रात्रभर वाळू द्या आणि मग स्क्रू हाताने घट्ट करा. भोक फाटलं असेल किंवा लाकडाला चीर गेली असेल, तर मात्र कारागिराकडेच न्यावं.

पावसाळ्यात काय करावं?

• वाजवून झाल्यावर तारा आणि बटणं सुती फडक्याने पुसा.
• पट्टा काढून पंख्याखाली वाळवा. चामडं उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका.
• वाळलेला पट्टा गुंडाळून बॅगेच्या बाहेरच्या खिशात ठेवा.
• केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि अधूनमधून बदला.
• कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दोन्ही स्क्रू आणि पट्ट्याची भोकं तपासा.

शेवटचा मुद्दा सर्वांत कामाचा आहे. गणपतीच्या दिवसांत बिघडलेलं वाद्य दुरुस्तीला न्यायचं, तर वेळ मिळत नाही आणि बदली बेस सहज हाती येत नाही. माथा तुटला तर हंगामातले कार्यक्रम जातात. पट्टा काढायला मात्र अर्धं मिनिट पुरतं.